सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग

१. समस्येचे विधान

सोमवारी सकाळी सुभद्रा परब शाळेत पोचली तेव्हा ऑफिसातल्या प्रवेशाच्या खिडकीआडच्या तिच्या खुर्चीवर दुसरीच बाई बसलेली होती. शिपायाने वर बोट दाखवलं. वर अण्णा होते, शाळेचे विश्वस्त.

"त्या अभ्यासवाल्या बाईशी बोललीस ना?"

सुभद्रा पिशवी हातात धरूनच उभी होती.

"पुढच्या सोमवारी चौकशी. तोवर घरी बस. मुलीचं काय करायचं तेही तेव्हाच बघू."

मुलगी, आकांक्षा, त्याच शाळेत दहावीला आहे. कर्मचाऱ्यांच्या मुलांना तिथे फी माफ असते. नोकरी गेली की माफी गेली, आणि दहावीच्या मध्यावर दुसरी शाळा कुठली घेणार?

शाळा परळची. नाव देण्याची गरज नाही.

खाजगी शाळांनी सुरुवातीच्या वर्गातल्या चौथाई जागा गरीब घरांतल्या मुलांना द्याव्यात असा कायदा आहे. सोडत निघते, नंबर लागतो, तरी काही मुलं खिडकीवरूनच परत जातात. ती नेमकी कशी परत जातात, हा प्रश्न लोअर परळच्या एका संशोधन संस्थेने अभ्यासाला घेतला होता. शाळेचा धंदा, कायद्याच्या पळवाटा आणि शिक्षण, तिन्ही एकाच अभ्यासात. शंभरावर पालक बोलले. शाळेच्या आतलं मात्र एकच माणूस बोललं, सुभद्रा. तिला शब्द दिला होता: तुम्ही बोललात हे कुणालाही कळणार नाही.

ते कळलं होतं.

२. तपासनीस

लतिका तांबे गिरगावातल्या एका कॉलेजात कायदा शिकवते. संस्थेच्या नीतिसमितीवर ती बाहेरची सदस्य आहे. म्हणजे वर्षातून दोनदा जायचं, चहा प्यायचा, कागदांवर सही करायची. जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. आता दादरला एकटी राहते, लिफ्ट असलेल्या इमारतीत.

संस्थेचे संचालक शंतनु आगाशे यांनी तिला बोलावलं. त्यांचं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. चारही बाजूंनी काच.

"तू शोध," ते म्हणाले. "आठवडा संपायच्या आत. बाहेरचं कुणी निघालं तर बरं."

"आणि आतलं निघालं तर?"

"ते आपण बघू."

"आपण म्हणजे कोण, सर?"



३. नमुना

सुभद्रा बोलली हे तीन माणसांना माहीत होतं. मेघना दीक्षित, जिने मुलाखत घेतली. हेरंब पाठारे, ज्याने ती ऐकून टाइप केली. आणि खुद्द शंतनु, ज्यांनी टाइप केलेलं वाचलं. फाइलवर नाव नव्हतं, आकडा होता. फाइलला कुलूप होतं.

तीन म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीने नगण्य नमुना. संशय घ्यायला भरपूर.

४. मुलाखत: मेघना

मेघना पुण्याची, तीन वर्षांपासून मुंबईत. बोलताना पेनाचं टोपण काढते, लावते.

लतिका: सुभद्राबाई सापडल्या कशा?

मेघना: लालबागच्या त्यांच्या चाळीत मी पालकांच्या मुलाखती घेत होते. गॅलरीत बसून. एक दिवस त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, मलाही सांगायचंय. मी तिथे काहीच विचारलं नाही मॅडम. रविवारची वेळ ठरवली, त्यांच्याच घरी.

लतिका: बाहेर का नाही भेटलात? एखादं हॉटेल?

मेघना: त्याच म्हणाल्या, हॉटेलात शाळेतलं कुणी बघेल. घरी बरं. आकांक्षा क्लासला गेली होती. आम्ही दोघीच.

लतिका: कुणाला सांगितलंस?

मेघना: आईलासुद्धा नाही. [टोपण लावते] मी सगळं नियमाप्रमाणे केलं. संवेदनशील मुलाखतीला आपली नियमावली आहे ना, सरांनी लिहिलेली? तिसरं माणूस नको, आवाज बाहेर जायला नको. एकेक कलम पाळलं.

लतिका: बाकीच्यांच्या वेळीही पाळलंस?

मेघना: त्या साध्या होत्या हो. त्यांना नियमावली लागू नाही.

लतिकाने हे शेवटचं वाक्य लिहून घेतलं. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

५. मुलाखत: हेरंब

हेरंब फणसवाडीत राहतो आणि घरूनच काम करतो. कानाला हेडफोन, पायाखाली आवाज थांबवायचं पेडल, भिंतीपलीकडे भावाच्या मुलीची पेटीची शिकवणी.

"मी विकली असं वाटतंय ना तुम्हाला?" तो म्हणाला. "विकायला घेणारा लागतो. मला अजून दिवाळीचे पैसे कुणी दिलेले नाहीत, आणि मी काय शाळेच्या विश्वस्तांना ओळखणार?"

"मला ऐकव."

"सगळं?"

"सगळं."

तिने सगळं ऐकलं. सुभद्रा काय बोलली ते लतिकाने कुठेही लिहिलं नाही.

"क्वालिटी बघितलीत?" हेरंब म्हणाला. त्याला राहवलं नाही. "त्या चाळीचं बाकीचं रेकॉर्डिंग म्हणजे छळ. कुकर, क्रिकेट, कोळीण. तुम्ही एका बाईला विचारता, उत्तर दुसरी देते, आणि तिसरी म्हणते, तिला काय विचारता, तिला कळतं काय. ही एकच स्वच्छ. स्टुडिओत बसून केल्यासारखी."

"एक थाप होती मध्ये."

"हो, कंसात टाकलीय मी. दारावर थाप. बांगड्या. कुणीतरी 'गो सुभद्रा' म्हणतं. मग काही नाही."

"तो तुकडा पुन्हा लाव."

थाप. बांगड्या. गो सुभद्रा. नंतर बराच वेळ कुणीच बोलत नाही. आणि मग सुभद्राचा आवाज येतो, आधीपेक्षा बारीक.

६. मुलाखत: सुभद्रा

ती कॉलेजच्या कँटीनमध्ये आली. चहा घेतला नाही.

"मेघनाताईंवर राग नाही माझा," ती म्हणाली. "पोरगी चांगली आहे. पण शब्द दिला होता ना?"

"अण्णा नेमकं काय म्हणाले? आठवेल तेवढं सांगा."

"बोललीस ना, म्हणाले. मग म्हणाले, पालकांचे फोन नंबर तूच पुरवलेस त्या लोकांना. दोनदा म्हणाले."

"पुरवलेत?"

"देवाशपथ नाही. मी नंबरांबद्दल चकार शब्द बोलले नाही. मी बोलले ते..." ती थांबली. "ते तुम्ही ऐकलंय."

"ऐकलंय."

"त्याबद्दल अण्णा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं ते सोमवारसाठी ठेवलंय."

लतिकाने चहा बाजूला सारला.

७. गृहीतक एक: फाइल फुटली

फाइल फुटली असती तर अण्णांना मजकूर माहीत असता. आणि मजकूर असा होता की तो हातात आल्यावर कुठलाही विश्वस्त फोन नंबरांच्या गोष्टी करत बसला नसता. अण्णांचा आरोप चुकीचा होता. याचा अर्थ ते अंदाज करत होते. सुभद्रा बोलली हे त्यांना माहीत होतं, काय बोलली हे नव्हतं.

मेघनाने, हेरंबने किंवा शंतनुंनी सांगायचं ठरवलं असतं तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं. विकणारा रिकामं पाकीट विकत नाही.

म्हणून ज्याने सांगितलं त्याने पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. गृहीतक पडलं आणि नमुना तिघांचा होता तो एका चाळीएवढा झाला.

८. क्षेत्रभेट

लालबागची ती चाळ चार मजली. लतिका दुपारी गेली. तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

ऑक्टोबरचा उकाडा होता. लांबच लांब गॅलरी आणि ओळीने खोल्या. एकूण एक दार सताड उघडं. कुठे अर्धा पडदा, कुठे तोही नाही. आत कुणी भाजी निवडतंय, कुणी आडवं झालंय, टीव्हीवरची मालिका एका खोलीत सुरू होऊन तिसऱ्या खोलीपर्यंत ऐकू येते. हे तिला नवं नव्हतं. दादरला राहायला गेल्यापासून ती विसरली होती, एवढंच.

सुभद्राच्या शेजारच्या खोलीबाहेर एक म्हातारी स्टुलावर बसून गुडघ्याला तेल लावत होती. नलूकाकी. या मजल्यावर तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं तिला स्वतःला वाटतं.

"तू ती सर्वेवाली नाय," नलूकाकी म्हणाली. "ती बारीक होती."

"मी तिच्या ऑफिसातून आले. वकिली शिकवते."

"म्हणजे वकीलबाय. बस."

"काकी, इथे दिवसाढवळ्या दार कधी लावतात?"

नलूकाकीने तेलाची वाटी खाली ठेवली. "इथे? कोण गेला तर. नायतर नवरा-बायकोचा कायतरी असला तर. भांडण गो, तू काय समजलंस? एरवी कोण लावता? वारो खंयसून येतलो?"

"आणि त्या रविवारी?"

"त्या रविवारी सुभद्रान लावला. कडी घालून. ती सर्वेवाली आत." तिने गुडघा चोळला. "मी घावणे घेऊन गेलंय. थाप मारलंय, हाक मारलंय. दार काय उघडूक नाय. माझे घावणे परत."

पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "आम्हाला वाटलं आकांक्षाचं काय झालं की काय."

दुसरीकडून: "मला वाटलं सुभद्राला बरं नाही."

"बरं नाही तर ती कागदवाली कशाला हवी?" तिसरी म्हणाली. "आम्हाला विचारलंन ते इथे, उघड्यावर, चार लोकांत. हिलाच काय ते आत? शाळेच्या ऑफिसात काम करते ती. मग दार लावून शाळेबद्दल नाही तर काय, माशांच्या भावाबद्दल बोलणार?"

दारात उभ्या सगळ्याजणी हसल्या. लतिकाही हसली. तिला उत्तर मिळालं होतं, आणि ते तिला आवडलं नव्हतं.

९. मुलाखत: दीपक

चाळीतली गोष्ट शाळेपर्यंत गेली कशी, एवढंच उरलं होतं. ते फार अवघड नव्हतं. तळमजल्यावरचा दीपक शाळेची बस चालवतो.

"मॅडम, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. तो बसची काच पुसत होता. "आपण मस्तीत बोललो. शिपायाला बोललो, आमची सुभद्राताई व्हीआयपी झाली, बंद दाराआड इंटरव्ह्यू देते. बस्स. तो साला वर जाऊन अण्णांना सांगेल हे काय माहीत? तिच्या पोरीला पहिलीपासून याच गाडीतून नेतोय मी. माझं डोकं फिरलंय तेव्हापासून."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नलूकाकीने. खाली आली होती. घावणे घेऊन." तो जरा हसला. "इतकी वर्षं झाली इथे राहतोय, पहिल्यांदा मिळाले. मस्त होते पण. चटणी पण दिली."

१०. निष्कर्ष

शंतनुंच्या काचेच्या खोलीत लतिकाने मांडलं ते असं.

सगळ्या चाळीच्या मुलाखती गॅलरीत झाल्या, गोंगाटात. एकच दाराआड झाली, कारण नियमावली तसं सांगते. जिथे दार लावतच नाहीत तिथे लावलेलं दार हीच बातमी. मेघनाने नियम मोडला असता तर सुभद्रा वाचली असती. हेरंबला जे सगळ्यात स्वच्छ वाटलं, त्याच रेकॉर्डिंगने तिला उघडं पाडलं.

"म्हणजे आपल्याकडून कुणी फितूर नाही," शंतनु म्हणाले. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. "संस्था सुटली."

"नियम संस्थेचाच आहे."

"नियम चांगल्या हेतूने लिहिला होता, लतिका."

"हेतू सुभद्राबाईंना सोमवारी काय कामाचा? आपण शाळेला पत्र पाठवू शकत नाही. ती बोलली म्हणणं हा शब्द मोडणं, आणि नाही बोलली म्हणणं हे खोटं."

कोपऱ्यात बसलेली मेघना इतका वेळ टोपणाशी खेळत होती. ती थांबली.

"एकच दार बंद होतं म्हणून ते दिसलं ना?" ती म्हणाली. "सगळीच बंद झाली तर?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाहीतरी गॅलरीतल्या मुलाखती वाईटच झाल्यात सर. एक बोलते, चौघी दुरुस्त करतात. खरं कोण बोलेल तिथे? मी दुसरी फेरी मागणारच होते. नियमावली सगळ्यांना लावू. एकेकाला, आत, दार लावून."

लतिका म्हणाली, "पण लोकांनी आपणहून हो म्हटलं तरच. का करतोय तेही सांगायचं. सुभद्राबाईंचं नाव न घेता."

"हे संशोधन आहे की डाव?" शंतनुंनी विचारलं.

"दोन्ही फेऱ्यांची उत्तरं समोरासमोर ठेवून बघा सर," मेघना म्हणाली, "मग सांगा."

लतिकाच्या मनात मात्र एक गोष्ट बसत नव्हती. ती तिने त्या खोलीत बोलून दाखवली नाही. ज्या बाईला गुडघ्याने धड उभं राहता येत नाही, ती तीन मजले उतरून, कधी काही न दिलेल्या माणसाला, घावणे द्यायला का गेली?

११. दुसरी फेरी

मेघना गेली तेव्हा गॅलरीत कुरकुर झाली. उकडतं. कपडे वाळायचेत. आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?

मग नलूकाकी स्टुलावरून उठली. "लावा गो दारां," ती म्हणाली. "पोरीची नोकरी जाता. दोन घटका घाम आला तर मरणार नाय कोण."

शनिवार-रविवारी तिसऱ्या मजल्यावर एकामागून एक दारं लागत गेली आणि उघडत गेली. खालच्या मजल्यांवरचे लोक बघायला येऊन उभे राहिले, आणि मग त्यांनीही नंबर लावला. दीपक बसचे कपडे बदलून आत बसला. बाहेर आल्यावर त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. त्याच्याबाबतीत हे नवीन होतं.

१२. चौकशी

सोमवारी अण्णा टेबलाशी होते, मुख्याध्यापिका बाजूला.

"कबूल करतेस?"

"काय, साहेब?"

"दार लावून त्या बाईशी बोललीस."

"आमच्या मजल्यावरचे सगळेच बोललेत," सुभद्रा म्हणाली. "दार लावूनच. खालचे पण."

"खालचे कोण?"

"बरेच आहेत. आपला दीपक आहे."

दीपकला वर बोलावलं गेलं. तो दारात उभा राहिला, हातात किल्ली.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"ते गोपनीय आहे, साहेब," दीपक म्हणाला. "तसा नियमच आहे त्यांचा. नायतर सांगितलं असतं."

मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघू लागल्या. अण्णांनी शिपायाकडे पाहिलं. तोही त्याच चाळीच्या मागच्या गल्लीत राहतो. अण्णांना त्याच्याबद्दलही शंका आली असावी, कारण त्यांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. एका माणसाला धरता येतं. चाळीला धरायचं तर बस कोण चालवणार?

चौकशी पुढे ढकलली गेली आणि मग तिची तारीख कुणी काढलीच नाही. सुभद्राला खिडकीवरून हलवून वाचनालयात टाकलं. पगार तोच. आकांक्षाचं नाव हजेरीत राहिलं.

१३. मर्यादा

समितीला दिलेल्या अहवालात या शीर्षकाखाली एकच ओळ आहे: 'माहिती चाळीतून शाळेपर्यंत कशी पोचली हे समजले, त्यामागे कुणाचा हेतू होता असे म्हणता येत नाही.' पुढचं अहवालात नाही.

नलूकाकीने स्वतःची पाळी शेवटपर्यंत मागे ठेवली होती. चौकशी होऊन गेल्यावर तिने निरोप पाठवला: माका ती बारीक नको, वकीलबाय हवी.

लतिकाने तिच्या खोलीचं दार लावलं, कडी घातली. रेकॉर्डर सुरू केला. नियमावलीतलं वाक्य म्हटलं: तुम्ही बोलाल ते कुणालाही कळणार नाही.

"सुभद्राक?"

"त्यांनाही नाही."

नलूकाकी पंख्याकडे बघत बसली. मग बोलली.

"आधी त्या पोरीक मी सांगितलंय, आमका ती शाळा नको होती. गॅलरीत सगळ्यांदेखत काय सांगतलंय? पण नको नव्हती, हवीच होती. नातीचो नंबर लागलेलो सोडतीत. जूनात लेक आणि मी गेलो खिडकीवर. मी हे पाय घेऊन गेलंय. आत सुभद्रा. माका बघितलान आणि कागदात डोका घातलान. म्हणाली, या चाळीचो पत्तो चालत नाय." तिने भिंतीकडे हात केला. "ती खंय राहता गो? माझ्या भिंतीपलीकडे."

लतिकाने रेकॉर्डर थोडा जवळ सरकवला.

"घराकडे येऊन तरी सांगात म्हणून वाट बघितलंय. नाय सांगितलान. मीय नाय विचारलंय. घावणे झाले की देतच होतंय. त्या दिवशी दार लावलेला बघितलंय आणि वाटला, आता हिका अण्णा विचारूदे. हिकापण एकदा खिडकीच्या बाहेर उभी राहून बघूदे. म्हणून जिनो उतरलंय. दीपक शाळेत जाता ता माका ठावक होता." तिने पदराने तोंड पुसलं. "नोकरी जायत असा नव्हता वाटला. आणि पोरीची शाळा... ता डोक्यातच इला नाय."

रेकॉर्डर चालू राहिला. बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता.

लतिकाने हीच गोष्ट आधी ऐकली होती, फणसवाडीत, हेडफोनवर, सुभद्राच्या तोंडून, खिडकीच्या आतल्या बाजूने. अण्णांनी हुकूम दिला होता की लालबागच्या चाळींचे पत्ते परत पाठवा. पहिल्यांदा परत पाठवलं ते शेजारच्या काकींना. ज्यांच्या हातचं खाऊन माझी मुलगी वाढली त्यांना. त्यानंतर मी त्यांच्याकडे मान वर करून बघितलेलं नाही. सुभद्रा हे सांगत होती तेव्हाच दारावर थाप पडली होती.

दोघींनी एकच गोष्ट सांगितली होती, आणि दोघींना एकच शब्द दिला होता.

तिने कडी काढली. सुभद्रा गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होती. आकांक्षाचा गणवेश तिच्या खांद्यावर होता.

"ताई," सुभद्राने हळू विचारलं, "दीपकने बोलून दाखवलं ते कळलं. पण त्याला कोणी सांगितलं? ते कळलं का शेवटी?"

"नाही," लतिका म्हणाली.

सुभद्राने शेजारच्या दाराकडे पाहिलं, मग हातातल्या कपड्यांकडे. गणवेशाची बाही सुलटी केली.

"मग राहू दे," ती म्हणाली. "राहायचं तर इथेच आहे."